काका, हिचा गिअर कुठंय?

माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या नळीवर, डाव्या हाताला आहे. कंपनीनेच तो तिथे दिला, मी हलवलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाशिकच्या इंदिरानगरात अजूनही मला याबद्दल विचारलं जातं आणि विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो की मी गाडीत काहीतरी बेकायदा फेरफार केलाय.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८३ची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची अकराशे बनवली, १९७४मध्ये तिचं नाव पद्मिनी ठेवलं आणि २०००च्या सुमारास उत्पादन थांबवलं. तोवर पेट्रोलचं इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं आणि गिअर हाताशीच राहिला. अगदी शेवटच्या मॉडेलात तेवढा तो खाली उतरला. हँडगिअरचा फायदा सरळ होता. पुढच्या सलग सीटवर तिघं बसत आणि मधल्याच्या गुडघ्यांत दांडा येत नसे. आता पुढे तिघं बसले तर पोलीस पावती फाडतात. फायदा गेला, दांडा राहिला.

सरकारदरबारी या गाडीचं वय काय, तेही एकदा ठरवून टाकावं. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची तर पूर्वी सहाशे रुपये लागत, एप्रिल २०२२मध्ये त्याचे पाच हजार झाले. वर पर्यावरणाचा कर आहेच. म्हणजे पैसे भरायच्या खिडकीवर ती म्हातारी. पण ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं भरावी लागतात. त्यासाठी मला २०३३पर्यंत थांबायचं आहे. थांबलो असतो, पण विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही, असंही त्याच नियमांत आहे. मान मिळेल त्या दिवसापासून भाजी आणायची सोय बंद.

आता मूळ तक्रार. हा गिअर दिसतो वर आणि बिघडतो खाली. वर हातात मूठ असते. तिथून स्टिअरिंगच्या नळीच्या अंगाने एक दांडी बॉनेटखाली उतरते. तिच्या टोकाला लिव्हर, लिव्हरला रॉड, आणि रॉड थेट गिअरबॉक्सपर्यंत. मूठ तुम्ही आपल्याकडे ओढता किंवा पलीकडे लोटता, तेव्हा गिअरची कुठली जोडी हवी ते ठरतं. वर-खाली करता, तेव्हा त्या जोडीतला एक गिअर पडतो. या दोन्ही हालचाली खालपर्यंत वेगवेगळ्या पोहोचाव्या लागतात आणि वाटेतल्या प्रत्येक सांध्याला एक बुश असतो. बुश झिजला की प्ले येतो. एकेका सांध्यात केसभरच येतो, पण सगळ्यांची बेरीज वर हातात येते आणि दांडा पुरणपोळीचं जेवण झालेल्या पाहुण्यासारखा लोळायला लागतो. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो. तिसऱ्यावर गाडी उठत नाही, थरथरते आणि बंद पडते.

बंद पडायला तिला इंदिरानगरचा बोगदा आवडतो. महामार्गाखालच्या त्या भोकात गोविंदनगरकडून येणारे, इंदिरानगरातून निघालेले आणि सर्व्हिस रोडवरून तिरके घुसणारे असे सगळे एकाच वेळी शिरतात. तिथे चालू गाडीलाही पुढे जायला जागा नसते. तरी मागचा बाइकवाला हॉर्न वाजवतोच. अशा वेळी सौ. शेजारून फक्त एवढंच म्हणते, “अहो, मी रिक्षा करू का?” आवाजात राग नसतो. रोजची चौकशी असते.

सोसायटीत उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. गाड्यांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक शेजारी गाडी न पाहताच “क्लच प्लेट” म्हणतात. त्यांनी कधी काळी क्लच प्लेटच्या खात्यात काम केलं असावं. दुसरे एक गृहस्थ विजेवरची गाडी घ्या म्हणतात, तिला गिअरच नसतो. हा उपाय बिनचूक आहे, पण तो माझ्या गाडीवरचा नाही. प्री-वेडिंगचे फोटो काढणारी मुलं येतात, त्यांना गाडी चालू नसली तरी चालते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकजण येतो, वरची मूठ धरतो, डावी-उजवीकडे हलवतो आणि मान हलवतो. खाली वाकून कोणी पाहत नाही.

लग्नाच्या लॉन्सवर गाडी लावून देणारा मुलगा किल्ली घेऊन आत बसला आणि डावीकडे सीटपुढे खाली हात फिरवत राहिला. तिथे मॅटशिवाय काही नव्हतं. मग तो आदबीने उतरला आणि म्हणाला, “काका, हिचा गिअर कुठंय?” हा प्रश्न मी माफ करतो. गॅरेजमधल्या तरुण मेकॅनिकनेही हाच विचारला, तो मात्र मनाला लागला. गिअर दाखवल्यावर त्याने स्कॅनर आणला आणि त्याची पिन खोचायची जागा डॅशबोर्डखाली शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता. मी मध्ये बोललो नाही, तो आपल्या कामात होता.

वास्तविक हा दोष शोधायची एक साधी रीत आहे. कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहितो. आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहायचे. बंद असताना अलगद पडत असतील आणि चालू केल्यावर खरखरत असतील, तर क्लच पुरता सुटत नाहीये, शेजारी बरोबर. दोन्ही वेळा अडत असतील, तर आधी दांड्याच्या लिंकेजवर संशय घ्यायचा. मग दुसऱ्या माणसाला मूठ हलवायला सांगून आपण बॉनेटखाली बॅटरी मारायची. वरची मूठ हलते पण खालचा लिव्हर उशिरा हलतो, तो सांधा पकडायचा. थंडीत सकाळी दांडा जड आणि दुपारी हलका असेल तर आतलं ग्रीस वाळलंय, आणि नाशिकच्या थंडीत ते वाळल्याचं चांगलंच कळतं. शेवटी इंजिनाचं फाउंडेशन पाहायचं, आणि हे कोणीच पाहत नाही. गिअरबॉक्स इंजिनाला बोल्ट केलेला, इंजिन रबरावर बसलेलं, आणि स्टिअरिंगची नळी मात्र बॉडीला. रबर दबलं की इंजिन खाली येतं आणि जो रॉड काल बरोबर लांबीचा होता तो आज चुकीचा ठरतो. मग मेकॅनिक रॉड ॲडजस्ट करतो. रॉडचा काही दोष नसतो.

माझ्या गाडीत दोष खालच्या लिव्हरमध्ये निघाला. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर तिथे बुश नव्हताच. त्या जागी हवाई चपलेच्या तळव्यातून कापलेली निळी चकती होती, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्टीवर तांब्याची तार. कॉटर पिनच्या जागी खिळा, टोक व्यवस्थित वाकवलेला. लिव्हरचं गोल भोक झिजून लांबुळकं झालं होतं. चप्पल कुणाची, कळायला मार्ग नाही. पण तो कारागीर प्रामाणिक असला पाहिजे, कारण चकती मापात कापलेली होती.

नवा बुश मागायला गेलो तर दुकानदार मोबाइलवर फोटो मागतो. फोटो दाखवला की तो पुढच्या दुकानदाराला पाठवतो. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ साली नोंदलेली होती, तिची वीस वर्षं भरली. पेपरांत हळव्या बातम्या आल्या आणि मला सांत्वनाचे फोनही आले. टॅक्सी होत्या तोवर या बुशला रोजचं गिऱ्हाईक होतं, हे मात्र कोणी छापलं नाही. आता ते गिऱ्हाईक मी आहे. माझ्या एकट्यासाठी कोणी साचा काढणार नाही, हे मला मान्य आहे.

शेवटी अंबडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याने पितळेचा बुश कातून दिला. त्याला गाडीचं नावही सांगावं लागलं नाही. त्याने भोकाचं माप घेतलं, पिनचं माप घेतलं आणि “उद्या या” म्हणाला. उद्या गेलो, बुश तयार होता. इतक्या दिवसांत मला न आवडलेली गोष्ट एवढीच, की त्याने कुठलाही सल्ला दिला नाही. सवय मोडल्यासारखं झालं.

गिअर आता पडतो. पहिला मागितला की पहिला येतो. पण हे काम करताना नळी उघडावी लागली, आणि हॉर्नची वायर तिच्यातूनच जाते. तिचं प्लास्टिक कुठेतरी सोललं गेलं असावं, कारण स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की हॉर्न आपोआप वाजतो आणि सरळ होईपर्यंत वाजत राहतो. रथचक्र चौकात डावं वळण घेतलं तेव्हा एक आजोबा फुटपाथवर चढून उभे राहिले आणि पलीकडच्या रिक्षावाल्याने मला हात जोडले. मेकॅनिक म्हणतो, आणा, पुन्हा नळी उघडू. तूर्त मी डावीकडे वळावं लागणार नाही अशाच रस्त्याने घरी येतो. वडाळा-पाथर्डी रस्त्याने बराच वळसा पडतो, पेट्रोलही थोडं जास्त जातं. सौ. रिक्षाने येते.