किलकिले

त्याचं खरं आडनाव दुसरंच आहे. पण ज्या पुण्यात गोडबोले आणि सहस्रबुद्धे चालतात तिथे किलकिले का चालू नये, म्हणून आमच्या सोसायटीत सगळे त्याला किलकिलेच म्हणतात. तुमच्याही जिन्यात असा एक असणारच. तिशी ओलांडलेला, दाढी राखलेला, घरून काम करणारा. नेमकं काय काम करतो, ते त्याच्या आईलाही धड सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर चित्रं काढतो," म्हणतात त्या, आणि तसं ते खरंच आहे. कुणी नवं सॉफ्टवेअर बाजारात आणलं की त्याच्या जाहिरातीची चित्रं हा करतो. मग ते चित्र जिन्यात भेटेल त्याच्या नाकासमोर धरतो. "काका, जरा डोळे किलकिले करून बघा. काय दिसतं?"

चेष्टा नव्हे, चित्रकारांची ही जुनी रीत आहे. डोळे अर्धवट मिटले की बारीकसारीक सगळं पुसलं जातं. उरतं फक्त गडद-फिकट आणि लहान-मोठं. किलकिलेचं म्हणणं, उरलं तेवढंच चित्र. बाकी आपली हौस. कारण लोक चित्र बघतच नाहीत, अंगठ्याने वर ढकलतात. प्ले स्टोअरला १०२४ बाय ५०० लागतं, लिंकबरोबर झळकायला १२०० बाय ६३०, नवी सॉफ्टवेअरं जगापुढे मांडायच्या प्रॉडक्ट हंट या संकेतस्थळावर १२७० बाय ७६०. ही मापं त्याला झोपेतून उठवून विचारावीत. पण फोनवर गेल्यावर सगळ्यांचं पोस्टाचं तिकीट होतं, आणि तिकिटावर चौदा वैशिष्ट्यं मावत नाहीत.

इथवर ठीक होतं. पण माणूस थांबेल तर ना! हॉटेलात गेलो की मेनूकार्ड आधी किलकिल्या डोळ्यांनी बघायचं. एकदा आमचं अख्खं टेबल डोळे बारीक करून बसलेलं पाहून वेटरने बिचाऱ्याने मिसळीपासून ताकापर्यंत सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की आम्हाला फुटपाथवर उभं करून परीक्षा. "काय दिसतं?" दात आणि हार. "पक्ष?" तो दिसेना. किलकिले खूश. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही त्याने सवयीने डोळे किलकिले केले. मुलीच्या मामांना वाटलं, डोळा मारतोय. पुढचं सांगत नाही.

सध्या त्याच्याकडे वर्गणीच्या पावत्या करणारं सॉफ्टवेअर आलंय. मंडळाच्या कार्यकर्त्याने पैसे घेतले की देणाऱ्याच्या फोनवर पावती, एवढंच ते काम. मालकाला मात्र एकाच चित्रात पावती, हिशेब, अहवाल, तीन भाषा, एक रॉकेट, 'एआय' लिहिलेला चमकता तारा आणि हात जोडलेला स्वतःचा फोटो हवा होता. मागे जांभळ्याचा निळा होत जाणारा रंग, कारण हल्ली सगळ्यांचा तोच असतो. किलकिलेने त्यांना तसं चित्र खरोखर करून दाखवलं आणि डोळे किलकिले करायला लावले.

"काय दिसतं?"

"जांभळं."

"पावती?"

"ती... नाही दिसत."

"मग विकायचं काय, जांभळं?"

आता चित्रात एक हात, हातात फोन आणि फोनभर पावती. वर ठळक ओळ : 'वर्गणी हातात, पावती फोनवर'. बाकीची वैशिष्ट्यं दुसऱ्या-तिसऱ्या चित्रात एकेक करून येतील. चित्रातल्या फोनवर वेळ ९:४१, बॅटरी भरलेली. वेळ ॲपलच्या जाहिरातींतली. २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जने आयफोन दाखवला तो साधारण त्या सुमारास. आमच्या मंडळाची वर्गणी सकाळी पावणेदहाला मागायला गेलं तर कुणी दार उघडत नाही, असं मी म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "काका, डोळे किलकिले करा. वेळ दिसते का? मग?"

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. परदेशातून येणारे तयार साचे रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले असतात. त्यात मराठी ओळ ओतली की वरचे रफार आणि खालचे उकार छाटले जातात, आणि 'वर्गणी'ची 'वगणी' होते. कुणाच्या लक्षातही येत नाही. डोळे किलकिले केले तर नाहीच नाही. तरी एका रफारासाठी हा रात्री दोनपर्यंत ओळींतलं अंतर वाढवत बसतो. त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि तो मागतही नाही.

त्याची खरी परीक्षक होती त्याची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. किलकिले करायची गरजच नाही. त्या मटार सोलत बसायच्या आणि हा लॅपटॉप समोर धरायचा. दूधवाल्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं तेव्हा त्या म्हणाल्या, "दूध आलं वाटतं." चित्र पास! प्रॉडक्ट हंटचा दिवस अमेरिकेतल्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेबारानंतर, ऐन जेवायच्या वेळी. त्या दिवशी माउली ताट झाकून बसून राहिली होती.

गेल्या हिवाळ्यात ऑपरेशनचा हट्ट धरला तो त्यानेच. नको नको म्हणणाऱ्या आईला घेऊन गेला, थेंब घालायचे गजर फोनवर लावले, एकही चुकवला नाही. आपली एकुलती एक परीक्षक स्वतःच्या खर्चाने बाद केली म्हणा ना. आता त्यांना सगळं लख्ख दिसतं. "निशुल्क काय लिहिलंयस? विसर्ग कुठाय? आणि कोपऱ्यात हे 'अटी लागू' इतकं बारीक का? काय लपवताय?" यावर किलकिलेकडे उत्तर नाही. मालकाकडे तर नाहीच नाही.

तेव्हापासून तो ज्येष्ठांच्या कट्ट्यावर घुटमळत असतो. कुणाचं ऑपरेशन बाकी आहे का, याची आडून आडून चौकशी चालते. माझ्या डाव्या डोळ्यात सुरुवात आहे, पावसाळ्याआधी उरकून टाका, असं डॉक्टर म्हणाले. हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर जिन्यातच लॅपटॉप उघडेल. पण वर्गणीचं ते सॉफ्टवेअर श्रावणात बाजारात यायचंय. डॉक्टरांना म्हटलं, गणपती होऊन जाऊ द्यात, मग बघू.