कुठल्या बाकावर?

आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांचा एक कट्टा होता. आता दोन बाक आहेत. एक नळाजवळचा, एक वडाखालचा. (डावा-उजवा म्हणायची सोय राहिलेली नाही.) टपरीवरचा पोऱ्या किटली घेऊन येतो आणि मला विचारतो, "काका, कुठल्या बाकावर?" चहा तोच, ग्लासही तेच; पण उत्तर देताना मी उमेदवारी अर्जावर सही करतोय असं वाटतं.

पहिलं भांडण दिल्लीवरून झालं. तेवढ्यावर भागलं असतं, तर आम्ही निवृत्त कसले? हळूहळू सगळ्याचीच वाटणी झाली. वर्तमानपत्र, डॉक्टर, गुडघ्याला लावायचं तेलसुद्धा. परवा मी सहज म्हणालो, "यंदा आंबा महाग आहे." नळाजवळच्यांना माझ्यात क्रांतिकारक दिसला, वडाखालच्यांना देशद्रोही. मला फक्त पेटीचा भाव हवा होता.

तसं चहावरून फुटणं पुण्याला नवं नाही. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यान संपलं, चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, कळ लावण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता) हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव'मध्ये छापून आणली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी सनातन्यांचं समाधान होईना. रानड्यांनी 1892 साली स्नेह्यांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतलं, तर सुधारक चिडले. एकाच कपासाठी दोन्हीकडून बोलणी!

पण मला या दोघांपेक्षा त्या खोलीतल्या तिसऱ्याच लोकांचं कुतूहल आहे. काहींनी चहा प्यायला, काहींनी नुसता ओठाला लावला, काहींनी कप हातात घेऊन बाजूला ठेवून दिला. न प्यायल्यामुळे धर्म राहिला आणि हातात घेतल्यामुळे यजमानांचा मान. केवढी नाजूक कसरत! आमच्या बागेत अशा माणसाला 'कुंपणावरचा' म्हणतात, आणि ते म्हणताना दोन्ही बाकांचं एकमत होतं. महिन्याभरातलं तेवढंच.

तर हल्ली मी सरळ टपरीवर जाऊन उभ्यानेच चहा घेतो. टपरीला बाक नाही, ही मोठी सोय. काल तिथे पोचलो, तर वडाखालचे एक ज्येष्ठ सदस्य पाठमोरे उभे. त्यांच्या बाकाने गेल्या महिन्यात बिनसाखरेच्या चहाचा ठराव केलाय. नळाजवळचे गोड पितात म्हणून. मला पाहून ते दचकले. ग्लास लपवायला जागा नव्हती.

"साखरेचा आहे," ते हळूच म्हणाले. "बाकावर बोलू नका हं."

मी मान डोलावली आणि माझ्यासाठी एक कटिंग सांगितला. मग आम्ही दोघांनीही एकदा बागेच्या फाटकाकडे पाहून घेतलं. गोपाळराव कुठे दिसत नव्हते.