सुई की तेल?

कंबर धरली की पहिल्या दिवशी आपण बाम चोळतो, दुसऱ्या दिवशी शेकतो आणि तिसऱ्या दिवशी चारचौघांत बोलून दाखवतो.

घोळ तिसऱ्या दिवशी होतो.

कारण चारचौघांत दोन पक्ष असतात. एक सुयांचा, एक तेलाचा. सुईवाला म्हणतो, "काका, दहा सिटिंग घ्या, अकराव्या दिवशी पळायला लागाल." तेलवाला म्हणतो, "सुया कसल्या टोचून घेताय? आमच्या माणसाचा एकदा हात लागू दे." दोघांकडे आपापल्या माणसाचा नंबर तयार. दुखतंय नेमकं कुठे, हे मात्र दोघांनीही विचारलेलं नसतं.

आधी सुई, म्हणजे ॲक्युपंक्चर. अंगावर ३६१ बिंदू आहेत, ते नेमके हेरून टोचायचं, असं हे शास्त्र. जर्मनांना असला नेमकेपणा भारी आवडतो. त्यांनी कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला शास्त्राप्रमाणे सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. निकाल आला २००७ साली. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना गुण आला, शास्त्रशुद्ध सुयांनी ४७.६ टक्के लोकांना.

सुईपक्षानं टाळ्या आत्ताच वाजवून घ्याव्यात. कारण भलत्या जागी टोचलेल्यांचा आकडा होता ४४.२.

म्हणजे टोचून घेतल्यानं बरं वाटतं, हे खरं. कुठे टोचलं, याची कंबरेला फारशी पडलेली दिसत नाही. मग ३६१ बिंदू पाठ करणाऱ्यांनी जावं कुठे?

अमेरिकेत तर २००९ मध्ये ६३८ रुग्णांवर कहर झाला. त्यातल्या एका गटाला सुई लावलीच नाही. नळीतून दात कोरायची काडी टेकवली आणि सुई गेल्याचा भास केला. गुण? सुईइतकाच. काड्यांची डबी किराणा दुकानात मिळते, पण दुकानदार सिटिंग देत नाही ना!

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना यात काही नवल वाटायचं नाही. उसण भरली की ते पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस शोधायचे. त्यानं पाठीला पाय लावला की उसण पळायची. ती तशीही चार-आठ दिवसांत जातेच, पण श्रेय पायाला. पायाळू माणूस पॅकेज विकत नसे, एवढीच त्याची धंद्यातली चूक.

तरी सुईला मान मोठा. चीनमधून ती इथे आणली डॉ. विजयकुमार बसू यांनी, १९५९ साली. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले हे बसू. कोटणीस स्वतः शल्यविशारद. पण लुधियानातल्या ॲक्युपंक्चर रुग्णालयाला नाव आहे ते कोटणीसांचं. सुई बसूंनी आणली, पाटी कोटणीसांची लागली.

आता फिजिओथेरपिस्टही तीच सुई टोचतात. हे ॲक्युपंक्चर नाही हं, ड्राय नीडलिंग, असं बजावतात. आपल्याला दोन्हींत टोचतंच.

तेलपक्षानं एवढं हसू नये.

मालिशवाला पाठीवर अंगठा फिरवून पहिलं वाक्य टाकतो, "नस चढलीय." प्रत्येकाची चढलेलीच असते. स्पामध्ये हेच शुद्ध भाषेत, मंद दिव्याखाली सांगतात : टॉक्सिन्स बाहेर काढतो. कुठली टॉक्सिन्स? एकाचं तरी नाव सांगा! व्यायामानं साचलेलं लॅक्टिक ॲसिड तर शरीर तासाभरात स्वतःच निपटतं, फुकटात. आणि झिजलेल्या गुडघ्याचं म्हणाल, तर कितीही महागडं तेल आणा, ते कूर्चेपर्यंत पोचत नाही. चादरीपर्यंत पोचतं.

मग कुस्ती लावायचीच तर? ती लागून झालीय. अमेरिकेतच, २००१ साली. जुन्या कंबरदुखीचे २६२ रुग्ण. काहींना सुया, काहींना मालिश आणि काहींच्या हातात नुसतं पुस्तक आणि व्हिडिओ : स्वतःची काळजी स्वतः घ्या. दहा आठवड्यांनी मालिशवाले पुढे होते. वर्षानं पाहिलं तर सुयावाले मालिशवाल्यांच्या मागे.

आणि पुस्तकवाले मालिशवाल्यांच्या बरोबरीला.

ही बातमी तुम्हाला आजवर कुणी फॉरवर्ड केली? पुस्तकवाल्याचा नंबर कुणाकडेच नसतो.

अमेरिकी फिजिशियन्सच्या संघटनेनं २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी शेक, मालिश, सुया अशी सगळीच नावं घेतली. त्यात बऱ्यापैकी पुरावा कशाला? शेकाला! मालिश आणि सुयांचा पुरावा कच्चा. वर हेही सांगितलं, की बहुतेकांची कंबर काहीही केलं तरी हळूहळू सुधारते. आजीची गरम पाण्याची पिशवी तेवढ्यासाठी माळ्यावरून काढायला हरकत नाही.

ब्रिटिशांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या सरकारी मार्गदर्शिकेनं कंबरदुखीला २००९ मध्ये सुया दिल्या, २०१६ मध्ये काढून घेतल्या आणि २०२१ मध्ये वेगळ्या प्रकारच्या जुनाट दुखण्यासाठी पुन्हा विचारात घेतल्या. मालिशला २०१६ मध्ये जागा मिळाली ती पानातल्या लोणच्याची. व्यायामाबरोबर असेल तरच वाढायचं.

एवढं ऐकूनही जायचंय? जा. आखडलेल्या मानेला मालिशनं बरं वाटतं, आणि बरं वाटण्याला पैसे मोजणं हा गुन्हा नाही. सुईचंही तेच. फक्त सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघू द्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, परिषद आहे. मालिशवाल्याला परिषद नाही. त्याला तालीम आहे.

मात्र सांधा लाल, गरम, सुजलेला आणि वर ताप असेल, तर सुईही नको, तेलही नको. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळून घेऊ नका, आत गुठळी असू शकते. पाय बधिर होतोय, लघवीवरचा ताबा जातोय? तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. या चार वाक्यांत विनोद नाही.

उरला फिजिओथेरपिस्ट. तो पाच व्यायामांची चित्रं काढलेला कागद देतो. आपण तो घरी आणतो आणि रोज नजरेसमोर राहावा म्हणून फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावतो. करत कुणीच नाही.

पण त्या चुंबकानंसुद्धा कंबरदुखी जाते, असं सांगणारा एक जण परवाच भेटला.