नावडतीचं काय चुकलं?

मराठी गोष्टींत पात्रांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती विशेषणांची. ब्राह्मण गरीब, सावकार लोभी, कोल्हा लबाड, सावत्र आई दुष्ट, राजा शूर, राजकन्या सुंदर आणि ससा भित्रा. एवढ्या सात-आठ विशेषणांवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यांची लग्नं झाली आणि सासरच्या माणसांनाही त्यांनी त्यातलीच वाटून टाकली. आता हा ऐवज पहिली-दुसरीतच मुलांच्या हवाली करायची पद्धत आहे. गृहपाठाच्या कागदावर डावीकडे पात्रं, उजवीकडे विशेषणं. जोड्या लावा.

आमच्या सोसायटीत मी शनिवारी संध्याकाळी गोष्टीचा तास घेतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटी एकतर हिशेब देते, नाहीतर मुलं. हिशेब आधीच दुसऱ्या बँकवाल्यानं पटकावले होते. मुलांच्या आयांची अट एकच होती : "काका, नुसत्या गोष्टी नकोत. कॅरेक्टर ओळखायला शिकवा." हे आपल्या हातचं काम, असं मला वाटलं. नोकरीभर मी हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहिले. त्यात सगळे 'कष्टाळू, प्रामाणिक, वर्तणूक समाधानकारक' असत. जो अगदीच बिनकामाचा, तो 'मनमिळाऊ'.

मुलांचं मात्र विशेषणावाचून काहीच अडत नाही. लाकूडतोड्याची गोष्ट सांगून झाली आणि 'प्रामाणिक' या उत्तराची वाट बघत मी विचारलं, "सांगा, कसा होता लाकूडतोड्या?"

"त्याला पोहता येत नव्हतं," एक चष्मेवाला म्हणाला.

खरंच की! येत असतं तर देवतेला नदीबाहेर येण्याची तसदीच घ्यावी लागली नसती.

"त्याला बायको ओरडेल म्हणून भीती वाटत होती," पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली. "सोन्याची कुऱ्हाड घेऊन घरी गेला असता तर तिनं विचारलं असतं ना, कुणाची उचलून आणलीत म्हणून!"

"आणि सोन्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड तुटत नाही," तिसऱ्यानं समारोप केला.

'प्रामाणिक'पर्यंत कुणी फिरकलंच नाही. पण पोहता न येणारा, बायकोला वचकून असणारा, आपल्या धंद्यातलं नेमकं कळणारा तो लाकूडतोड्या मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसला. अशाच एका माणसाला मी कर्ज मंजूर केलं असतं.

पात्र उभं राहतं ते असंच. फास्टर फेणेचंच बघा. फुरसुंगीचा, किडकिडीत, सायकलवर सुसाट, तोंडानं 'ट्टॉक्'. भा. रा. भागवतांच्या बनेशला ओळखायला एवढं पुरतं. तो शूर आहे की जिज्ञासू, हा प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्रीच पडतो. पंचतंत्रात तर विष्णुशर्म्यानं विशेषणवाल्यांची पुरती पंचाईत करून ठेवली आहे. कोल्हा म्हणजे लबाड, म्हणून जोडी लावायला जावं, तर तिथं कोल्हे दोन. दमनक सिंह आणि बैलाच्या मैत्रीत काडी घालतो आणि करटक त्याला 'कशाला नसत्या भानगडीत पडतोस' म्हणून आवरायला बघतो. आता रेघ कुठं ओढायची?

या विषयाची सगळ्यात कडक परीक्षा घेतली ती वेताळानं. २५ गोष्टी सांगितल्या आणि बहुतेक प्रत्येकीच्या शेवटी विक्रमाला विचारलं, की यातला खरा नवरा कोण, खरा त्याग कुणाचा, दोष कुणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. आमच्याकडं निदान लाल शेऱ्यावर भागतं.

शिक्षक मंडळी वर्गात एक युक्ती करतात. एका मुलाला पात्र म्हणून खुर्चीत बसवायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. मी कावळ्याला बसवलं. चष्मेवाला कावळा झाला.

"तू शेणाचं घर का बांधलंस?"

"मेण संपलं होतं. सगळं चिमणीनं नेलं."

मग चिमणीला खुर्चीत बसावं लागलं. दात पडलेल्या मुलीनं बसल्या बसल्या कमरेवर हात ठेवले.

"तो बाहेर भिजत होता. तू दार का उघडलं नाहीस?"

"माझ्या बाळाचं आवरायचं होतं."

"इतका वेळ?"

"तुला बाळ आहे का?"

सभा गप्प झाली. मागच्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "पण बेल वाजली की आमची आई आधी होलमधून बघते. नको असलेलं माणूस असलं तर म्हणते, अंघोळ चाललीय." त्या मुलाची आई दारातच उभी होती. काही घरांत कावळा शेवटी तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. तो शेवट मी त्या दिवशी गाळला. आधीच पुष्कळ जण भाजले होते.

मग श्रावण आला, तशी मी आटपाट नगराची कहाणी काढली. राजा, आवडती राणी, नावडती राणी. आवडतीला राजवाडा आणि नावडतीच्या वाट्याला हालअपेष्टा.

"ती नावडती का होती?" दात पडलेल्या मुलीनं विचारलं. एव्हाना तिचा एक दात अर्धा वर आला होता.

मी कहाणी मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिली. नावडतीनं काहीच केलेलं नव्हतं. ती व्रत करते, देवाचं नाव घेते, मिळेल ते खाते. तिचं काय चुकलं हे कहाणी सांगत नाही आणि आमच्या आजीपासून आजवर कुणी विचारलेलंही नाही. सगळ्यांनी हात जोडून, हातात तांदूळ धरून ऐकलं, इतकंच.

"म्हणजे ती नावडती नाहीच," ती म्हणाली. "राजाला आवडत नाही, तर ते राजाचं झालं. राजाच्या खाली लिहायला पाहिजे."

नोकरीभर लिहिलेले गोपनीय अहवाल माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेले. त्या 'मनमिळाऊ' माणसांविषयी मला आता फारसं आठवत नाही. मला मात्र कुणीही त्यांतून सहज ओळखेल.

पुढच्या शनिवारी तिची आई शाळेचा कागद घेऊन आली. कहाणीवरचा प्रश्न होता, पात्र राजा. पोरीनं लिहिलं होतं, 'कारण सांगत नाही.' त्यावर लाल फुली, शेजारी बाईंच्या सुंदर अक्षरात 'शूर, न्यायी'.

"काका, नक्की काय लिहायचं हो?" आईनं काळजीनं विचारलं. "तुम्ही ऑफिसर होतात, तुम्हाला अनुभव आहे."

"शूर, न्यायी असंच लिहू दे," मी म्हटलं. "राजा हयात असेपर्यंत तेच लिहायचं असतं."