कुत्रेवाले काका आणि मांजरवाल्या काकू

कुत्रेवाले काका ओळखायला त्यांच्याबरोबर कुत्रा असावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, अगदी दहाव्याला घाटावर उभे असले तरी ते ओळखू येतात. काळ्या पँटवर गुडघ्यापर्यंत पिवळट केस, खिशाच्या तळाशी बिस्किटांचा चुरा आणि समोरचा काही शहाणपणाचं बोलला की "गुड, व्हेरी गुड" म्हणत त्याच्या मानेमागे खाजवायला उचललेला हात. तो हात ऐनवेळी आवरला जातो, पण उचललेला होता हे लपत नाही.

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. कोथरूडला असतात, ठाण्याला असतात, नाशिकच्या गंगापूर रोडला असतात. त्यांचं आडनाव कुणाला ठाऊक नसतं. दारावरच्या पाटीवर ते आहे, पण 'ब्रूनोचे बाबा' ही पदवी मिळाल्यापासून पाटी कुणी वाचत नाही. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून, खातेप्रमुख होऊन जे नाव कमावलं, ते ब्रूनोने पहिल्या पावसाळ्यातच पुसून टाकलं. काकांना त्याचं दुःख नाही. खात्यात त्यांचं कुणीच ऐकत नव्हतं. ब्रूनो अधूनमधून ऐकतो.

ब्रूनोशी काका इंग्रजीत बोलतात. नातू इंग्रजी माध्यमात घातला म्हणून सुनेशी अबोला धरणारे, मराठी भाषा गौरव दिनाला फेटा बांधून हिंडणारे हे गृहस्थ पहाटे बागेत "सिट! ब्रूनो, सिट! नो! आय सेड नो!" असे गरजत असतात. एके काळी कुत्र्यांची नावं मोत्या, खंड्या, वाघ्या अशी असत, आणि "यू यू" व "हाड" एवढ्या दोन शब्दांवर त्यांचं अख्खं आयुष्य निभावून जाई. ब्रूनोला मात्र मराठी कळत नाही, असं काकांचं ठाम मत आहे. स्वयंपाकघरातून कुणी "दूध घालू का रे?" असं हळू आवाजात विचारलं की त्याला लगेच कळतं, ही गोष्ट वेगळी.

काकांची खरी गाठ पडते ती लिफ्टमध्ये. दार उघडतं, आतून तीस किलोचा ब्रूनो झेपावतो, पुढचे दोन्ही पंजे तुमच्या खांद्यांवर ठेवतो आणि मागून काकांचा प्रसन्न आवाज येतो, "काही करत नाही हो तो!" तुमच्या इस्त्रीच्या शर्टावर जे चाललेलं असतं, ते 'काही' या सदरात मोडत नाही. "त्याला तुम्ही आवडलात," हे दुसरं वाक्य. तुम्ही लिफ्टच्या भिंतीला चिकटलात तर तिसरं, "घाबरू नका, घाबरलेलं त्यांना बरोब्बर कळतं." म्हणजे चूक तुमचीच.

तक्रार करण्यात अर्थ नसतो. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदीही घालता येत नाही, असं सांगणारं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक काकांच्या मोबाइलमध्ये असतं. शिवाय राज्यघटनेचा अनुच्छेद ५१ अ तोंडपाठ : सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. उरलेली दहा कर्तव्यं कोणती, हे त्यांना विचारू नये. फारच वाद वाढला तर काका इतिहासात शिरतात. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद पडली आणि कंपनी सरकारला फौजफाटा बाहेर काढावा लागला. ही हकीकत सांगताना काका सेक्रेटरींकडे अशा नजरेने बघतात की कंपनी सरकारचे शेवटचे प्रतिनिधी तेच असावेत.

काकांचं कुत्रं काळाबरोबर बदलत गेलं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यांच्याकडे पांढरं पॉमेरेनियन होतं. ते दारावरच्या बेलला, कुकरच्या शिट्टीला आणि दूरदर्शनच्या बातम्यांना सारख्याच त्वेषाने उत्तर देई. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग मुलामागे चालत गेला आणि पाठोपाठ काकांच्या घरात शिरला. अलीकडे काकांच्या व्याह्यांनी सायबेरियन हस्की आणला आहे. उणे तापमानात बर्फावरून गाडी ओढायला घडलेला हा जीव आता पुण्याच्या एप्रिलमध्ये एसीसमोर पडून असतो, आणि त्याच्या निमित्ताने घरात आलेल्या एसीचा लाभ व्याह्यांच्या आईंनाही मिळतो. ब्रूनोचे वडील चॅम्पियन होते, त्यांचे कागद केनेल क्लबकडे आहेत, हे काका पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. स्वतःच्या वडिलांबद्दल ते इतकं कधी बोललेले नाहीत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला शिकारी कुत्रा आपल्या शेजारचाच आहे, असं कुणी सुचवलं तर "तो फार पळतो हो," म्हणून काका विषय संपवतात.

मांजरवाल्या काकू याच इमारतीत राहतात, पण त्या सापडायला वेळ लागतो. पहाटे सहाला बागेत जाण्याची सक्ती नसल्याने त्यांना कुणी पाहिलेलंच नसतं. मनगटावर बारीक ओरखडे, सोफ्याच्या कडांना आलेल्या दशा आणि बाल्कनीला घट्ट जाळी, एवढ्याच खुणा. काका कुत्र्याबद्दल सांगत सुटतात; काकूंना मांजराबद्दल विचारावं लागतं. विचारलं की मात्र चहा दोनदा होतो.

मुळात काकूंनी मांजर आणलेलं नाही. ती आली. पावसात जिन्याखाली बसली, मग उंबऱ्यावर, मग पायपुसण्यावर, मग काकूंच्या उशीवर. हे मांजराच्या पूर्वजांच्या रीतीला धरूनच झालं. कुत्रा माणसाकडे आला तो शेतीचाही शोध लागण्याआधी, शिकारीच्या धंद्यात भागीदार म्हणून. मांजराला त्या धंद्यात रस नव्हता. दहाएक हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने धान्याची कोठारं भरली, कोठारात उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. म्हणजे तेव्हाच ते चांगलं मुरलं होतं. तेव्हापासून मांजर माणसाच्या घरात गिरगावातल्या पागडीच्या भाडेकरूसारखं राहतं : भाडं नाममात्र, जागा मोक्याची, आणि काढायची म्हटलं तर मालकाच्या हयातीत शक्य नाही.

पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा काका आपला परवाना फडकवत काकूंकडे गेले. "तुम्हालाही अर्ज भरावा लागणार!" काकूंनी शांतपणे उत्तर दिलं, "मनी आमच्या मालकीची नाही, भाऊ. आम्ही तिचे. अर्ज तिला भरू दे."

मनी काकूंच्या मांडीवर झोपली की घरातले व्यवहार थांबतात. फोन वाजतो, कुकर शिट्ट्या करतो, यजमान चहासाठी दोनदा खाकरतात. काकू फक्त मांडीकडे बोट दाखवतात. "उठवत नाही हो तिला. आत्ता कुठे डोळा लागलाय." मांजर दिवसाचे बारा-पंधरा तास सहज झोपतं, हे यजमानांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. तेव्हापासून चहा तेच करतात. संसारात ज्या विश्रांतीसाठी काकूंना कधी कुणी परवानगी दिली नव्हती, ती मनीने एका घरघरीत मंजूर करून टाकली.

खाण्यापिण्याच्या बाबतीत तर दोन्ही घरांत उलटेच प्रकार. कुत्र्याला हजारो वर्षांच्या सहवासाने पिष्टमय अन्न पचवण्याची सोय लाभली आहे. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जनुकंही दाखवून दिली. भाकरीच्या तुकड्यावर गावोगावच्या कुत्र्यांच्या पिढ्या जगल्या त्या याच जोरावर. ब्रूनोला मात्र भाकरी चालत नाही, असं काकांनी ठरवलं आहे. त्याला सामन आणि रताळं घातलेलं परदेशी खाणं लागतं, तेही धान्यविरहित. याउलट मांजर जन्मजात मांसाहारी. मांसातूनच मिळणारं टॉरिन पोटात गेलं नाही तर त्याचे डोळे आणि हृदय कामातून जातात. काकूंच्या घरी मात्र अंडंही चालत नाही. काकूंच्या सासूबाईंनी घरात कांदा-लसणालाही चातुर्मासात थारा दिलेला नाही. त्याच सासूबाई आता रोज संध्याकाळी नाकाला पदर लावून माशाचं पाकीट कात्रीने कापतात, मनीच्या वेगळ्या ताटलीत काढतात आणि हात धुऊन देवापुढे दिवा लावतात. "मुकं जनावर आहे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. अशी सवलत जावयाला मिळालेली नाही.

"मनीला बासुंदी फार आवडते," असं काकू कौतुकाने सांगतात. वास्तविक मांजराला गोड चव लागतच नाही. ती ओळखणारं जनुकच त्याच्याकडे बंद पडलेलं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. मनी साय खाते आणि गोडवा काकूंच्या वाट्याला जातो. तसंच नावाचं. "हाक मारली तर येते का तुमची?" असं काका नेहमी डिवचतात. मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखता येतं, असं २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. ओळखल्यावर ते उठून येतं, असं त्यांनीही म्हटलेलं नाही. काकूंना या संशोधनाचं नवल वाटलं नाही. त्यांच्या घरात ओळखून न येणारे आणखी दोघेजण आहेत.

काका आणि काकूंचा जाहीर सामना वर्षातून दोनदा होतो : गणपतीत मांडवाखाली आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत 'आयत्या वेळचे विषय' लागले की. काका धर्मापासून सुरुवात करतात. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाचा कुत्रा, स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला न सोडणारा युधिष्ठिर, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. काकू एकच वाक्य टाकतात, "बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा करता, त्या षष्ठीचं वाहन मांजर आहे. तुमच्या वेळी तुमच्या आईने केली असणार." काका मग राखणीवर येतात. काकू आठवण करून देतात की मागच्या दिवाळीत इमारतीत चोर शिरला, तेव्हा ब्रूनो त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला होता. काका उंदरांवर येतात. मनीने आजवर उंदीर पाहिला आहे तो फक्त टीव्हीवर, हे काकूंना मान्य करावं लागतं.

एकदा कुणीतरी हिरोडोटसचा दाखला काढला. प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरची माणसं भुवया काढून टाकत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. काकूंचा चेहरा उजळला. पण पुढचं वाक्य असं, की कुत्रा मेला तर ती डोकं आणि सगळं अंगच भादरून घेत. काकांनी जिंकल्याच्या आनंदात डोक्यावरून हात फिरवला. तिथे भादरण्याजोगं काही नसल्याने तो मुद्दा सभेने नोंदवून घेतला नाही.

वाद इतका जुना झाला की त्यातली खरी गोष्ट कुणी बोलत नाही. ती गावाला जायच्या वेळी बाहेर पडते. काकांची पंचाईत अशी, की कुत्र्याला रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसवावं लागतं. दोन्ही गोष्टी काकांच्या जिवावर येतात, पहिली खिशामुळे आणि दुसरी मायेमुळे. काकूंची पंचाईत अशी, की मनी घर सोडायला तयार नसते. मग दोन्ही किल्ल्या एकमेकांच्या दारी जातात. दुसरं विश्वासाचं माणूस इमारतीत नाही.

काका दोन दिवस मनीला खाऊ घालून येतात. ती पलंगाखालून बघते. तिसऱ्या दिवशी ती बाहेर येते, काकांच्या पायाला एकदा अंग घासते आणि निघून जाते. काका हे घरी सांगतात, वॉचमनला सांगतात, अमेरिकेतल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगतात. ब्रूनो रोज त्यांचं तोंड चाटतो, त्याची बातमी कधी झालेली नाही. आयुष्यभर हुकमत गाजवू पाहणाऱ्या माणसाला, जिच्यावर हुकमत चालत नाही तिने आपणहून पसंत केलं, याची चव त्यांना प्रथमच कळते. आणि तिकडे काकू ब्रूनोला सांभाळताना खाली कचरा टाकून वर येतात, तर दारात तो अख्खं अंग हलवत असा नाचतो, की काशीयात्रा करून आलेल्या माणसाचंही असं स्वागत होत नसेल. आपण घरी आल्याचा आनंद झालेलं माणूस काकूंनी बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नसतं. त्या पिशवी विसरल्याचं निमित्त करून पुन्हा खाली जातात आणि पुन्हा वर येतात.

यातलं काहीही दोघं कबूल करत नाहीत. पुढच्या सभेत काका "मांजर कृतघ्न" म्हणतात, काकू "कुत्रा लाळघोट्या" म्हणतात. मात्र गेल्या खेपेला आयत्या वेळच्या विषयांत पाचव्या मजल्यावरचे कबुतरवाले अण्णा उठले आणि गच्चीवर दाणे टाकायला जागा मागू लागले. काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी काकांकडे. इतिवृत्तात पुढची नोंद अशी आहे : 'गच्चीवर पशुपक्ष्यांचे लाड करून रहिवाशांना उपद्रव देण्यास सक्त मनाई असावी. सूचक : कुत्रेवाले. अनुमोदक : मांजरवाल्या. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर.'