पाकिटाची उलटी वाट

सिएटल शहर 2017 पासून मतदारांना प्रत्येकी पंचवीस डॉलरची चार कुपनं पोस्टाने धाडतं : आवडत्या उमेदवाराला द्या, पैसे आम्ही भरू. (निवडणुकीत पाकीट उमेदवाराकडून मतदाराकडे येतं, असं मानणाऱ्या आपल्या वॉर्डांना भोवळच यायची.) भरतात घरपट्टीतून, म्हणजे दाताही तोच, करदाताही तोच. तरी बहुतेक कुपनं घरातच धूळ खातात.

2019 मध्ये ॲमेझॉनने तिथल्या नगर परिषदेच्या निवडणुकीत सुमारे 15 लाख डॉलर ओतले. कुपनांच्या भाषेत साठ हजार. तेही स्वतंत्र समितीमार्फत, त्यामुळे कुपनं घेणाऱ्या उमेदवारांची खर्चमर्यादा अगदी सोवळ्यात. कंपनीच्या डोळ्यांत खुपणाऱ्या, पुण्यात जन्मलेल्या समाजवादी क्षमा सावंत तरीही निवडून आल्या. कुपनं मात्र त्यांनी घेतलीच नव्हती.