केकवरचा तोतया

महाराष्ट्रात चेरी पिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा बेकरीवाल्याला विश्वासात घेऊन विचारावं. केकच्या डोक्यावर जी लालबुंद, चकचकीत चेरी बसलेली असते, ती आपल्याकडे बहुतेक वेळा करवंद असते. कच्ची करवंदं आणायची, बिया काढायच्या, मूळचा रंग घालवायचा, लाल रंग चढवायचा आणि साखरेच्या पाकात मुरवायची. झाली चेरी! शेजारची टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई, ते प्रकरण वेगळंच. पेशवाईत पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तर त्याची चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झालं. हा तोतया मात्र दर वाढदिवसाला सगळ्यांत उंच जागी बसतो आणि त्याच्यासाठी सख्खी भावंडं एकमेकांच्या झिंज्या उपटतात.

खरी चेरी काश्मीरची. शोपियान, गांदरबलकडची. तिच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते. पुण्यात डिसेंबर आला की आम्ही माकडटोपी चढवतो, पण त्यावर झाडाचा विश्वास बसत नाही. शिवाय चेरी झाडावरून उतरली की पुढे पिकत नाही, आढीत घालायची सोयच नाही. पिकलेलीच तोडायची आणि नासायच्या आत पळवायची. त्यामुळे काश्मीरला मे-जूनमध्ये कोणी गेलंच, तर तिथल्या बागवानाकडून तिथेच घेऊन पोटभर खावी. इथे बसून प्लास्टिकच्या डबीतल्या, थकूनभागून आलेल्या वीस चेऱ्यांसाठी हळहळू नये. आपल्या डोंगरात त्याच महिन्यांत करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर होतात, त्यांचं काय?

पण करवंदाला मान नाही. डबीवरची छापील किंमत आम्ही तोंडातून अवाक्षर न काढता मोजतो, आणि घाटात टोपली घेऊन बसलेली बाई दिसली की आमच्यातला सावकार जागा होतो. माझा मेव्हणा तर या कलेत पारंगत. गेल्या मेमध्ये घाटात मला गाडी थांबवायला लावून त्याने काच खाली केली.

"कशी दिली, मावशी?"

"वीसला द्रोण."

"वीसला? पन्नासला चार दे. रानातलीच तर आहेत, फुकटची!"

मावशींनी पदराने घाम पुसला. "फुकटचीच हाईत दादा. ती काय समोर जाळी. घुसा आत. द्रोण मी देते, त्याचे पैसं नको."

मेव्हण्याने जाळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या नव्या लिननच्या पँटकडे. करवंदीचा काटा काही ठिकाणी दुतोंडी असतो. एकीकडून सुटलात तर दुसरीकडे अडकता. वर फळ तोडलं की चीक, तो बोटांना चिकटला की निघता निघत नाही. मावशींच्या हातांवर या दोन्हींचा हिशोब जुन्या-नव्या ओरखड्यांनी लिहिलेला होता. पहाटे उठून, रान तुडवून, टोपली डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यायचं, आणि हे सगळं पाऊस येईपर्यंतच, कारण एकदा सर पडली की करवंद पाणचट. माझ्या मते वीस रुपये हा भाव नव्हे, सूट आहे.

त्याच्या बायकोची, म्हणजे माझ्या बहिणीची, मान खाली गेलेली बघवेना म्हणून की काय, माझ्या बायकोने मागच्या सीटवरून शंभराची नोट पुढे केली. पाच द्रोण आले. मावशींनी वर मूठभर करवंदं घातली, तीही नेमकी मेव्हण्याच्याच द्रोणात.

मग गाडीत तो सनातन खेळ सुरू झाला. करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मुलांचे कोंबड्यामागून कोंबडे निघत होते. मेव्हण्याच्या मात्र सलग कोंबड्याच. घाट उतरेपर्यंत त्याने कसंबसं सहन केलं, आणि मग जांभळ्या ओठांनी तो मला गाडी वळवायला सांगू लागला. त्याचं म्हणणं, बाईने मुद्दाम निवडून कोंबड्या घातल्यात.